कांडी झाल्यावर आत यायचं नाही

मी तेव्हा भिवंडीजवळ कशेळीला एका धान्याच्या गोदामात स्टोअर सांभाळत होते. आलेली पोती, गेलेली पोती आणि उंदरांनी फोडलेली पोती, असे तीन रकाने रोज भरायचे. तिसरा रकाना शेठना आवडत नसे. तो वाचला की ते माझ्याकडे असे बघत, जणू मीच येऊन पोती कुरतडते.

एक दिवस ते एका बाईंना घेऊन गोदामात आले. बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. खांद्याला जड पिशवी, पायात बूट.

"ताई, या मॅडम कॉलेजात शिकवतात," शेठ म्हणाले. "उंदीर दोरीवरनं वर कसा चढतो ते बघायचं हाय त्यांना."

"त्याला कॉलेज कशाला? इथे बसा, संध्याकाळपर्यंत दिसेल."

"तसं न्हाय. कॅमेऱ्यानं बघायचं हाय. शेलार गावात आपला लूमचा जुना गाळा रिकामा हाय, तो देतो त्यांना. आनि तुम्हाला पन देतो. त्या पन तुमच्यासारख्याच हायत, सगळं लिवून ठेवतात."

अशी गाळ्याबरोबर मीही दिली गेले. तो बहुतेक २००५ किंवा २००६चा उन्हाळा असावा.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. उंदीर दोरीवर, पाइपवर, तारेवर चढताना कोणता पाय कधी टाकतो आणि शेपूट कुठे टेकवतो, हे नेमकं कळलं तर दोरीवर अशा घडणीची चकती बसवता येईल की ती त्याला ओलांडताच येणार नाही. मारायचं नाही, विष घालायचं नाही, फक्त वर जाऊ द्यायचं नाही. मला हे पटलं. माझा तिसरा रकाना त्यामुळे लहान होणार होता.

पण त्यांच्या कॉलेजात हा विषय कोणाला पटत नव्हता. कॅमेरे त्यांनी एका मोठ्या संस्थेकडून उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते मागून आणले होते. सुट्टी संपायच्या आत संस्थेचा माणूस टेम्पो घेऊन ते परत न्यायला येणार होता. पहिल्याच दिवशी पेट्या उघडता उघडता त्या मला म्हणाल्या, "ताई, या सुट्टीत एका उंदराचं स्वच्छ चित्रण झालं नाही, तर हा विषय सोडून द्यायचा, असं मला सांगितलंय. आणि मी कबूल केलंय." बोलताना त्या हसत होत्या, पण पेटीच्या एकाच खिळ्यावरून त्यांची पक्कड दोनदा निसटली. मी पक्कड त्यांच्या हातातून घेतली.

आता ते यंत्र कसं चालायचं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. कॅमेरे सहा होते, सहा उंच तिपायी स्टँडवर, मधल्या दोरीभोवती गोल उभे केलेले. उंदराच्या अंगावर चमकणारे बारीक ठिपके चिकटवायचे. ट्रकच्या मागे लावतात तसे. आम्ही त्यांना रेडियमच म्हणायचो. कॅमेऱ्यातून डोळ्याला जेमतेम दिसणारा तांबडा उजेड पडायचा, तो ठिपक्यांवरून परत यायचा, आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावर फक्त ठिपके दिसायचे. उंदीर दिसायचाच नाही. पाच ठिपके दोरीवरून वर सरकायचे, तोच आमचा उंदीर. एकच ठिपका सहा कॅमेरे सहा बाजूंनी बघतात, त्यावरून संगणक त्याची जागा ठरवतो. पण त्याआधी कुठला कॅमेरा कुठे उभा आहे हे त्याला समजावून सांगावं लागतं. त्यासाठी एक आडवी पट्टी लावलेली काठी होती, टोकांना चमकते मणी. ती हातात धरून मॅडम सगळ्या जागेतून हवेत फिरवायच्या, वरखाली, आडवीतिडवी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई माश्या हाकताहेत.

त्या काठीला मॅडम 'वाँड' म्हणायच्या. मी रोजच्या कामांच्या यादीत तो शब्द लिहिला आणि माझाच मला वाचताना 'वांड' असा वाचला गेला. 'सकाळी वांड फिरवणे.' कोणा उनाड मुलाची दिनचर्या वाटली. म्हणून तो खोडून मी 'कांडी' लिहिलं. जादूगाराच्या हातात असते तशी. मॅडमनाही आवडलं. दोन दिवसांत त्या स्वतःच "ताई, कांडी झाली, आता टिक करा," म्हणायला लागल्या.

आमचा दिवस असा ठरला. सकाळी वीज असायची तेव्हा कांडी फिरवून घ्यायची. मग दोरी तिच्या सांगाड्यासकट मध्ये टांगायची आणि वर टोकाला सुकट बांधायची. सुकटीच्या वासाने मॅडमना मळमळायचं, म्हणून ते काम माझं. नंतर शटर ओढून आम्ही कशेळीला परत, जेवणं, पिंजऱ्यातल्या उंदरांची देखभाल. दुपारची वीज जायची ती ऊन कलल्यावर यायची, आणि उंदीरही तेव्हाच जरा हुशार व्हायचे. मग एकाला ठिपके लावून घेऊन यायचं आणि दोरीला सोडायचं. संध्याकाळी वीज परत जायच्या आत जेवढं मिळेल तेवढं.

गाळा झाडायला शेठनी शेलारच्याच एका मावशींना सांगितलं होतं. त्या शेजारच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होत्या, एक किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांना मी पहिल्याच दिवशी बजावलं, "मावशी, कांडीच्या आधी झाडून घ्यायचं. कांडी झाल्यावर आत पाऊल टाकायचं नाही." एवढ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून शटरवर चिकटवलं: कांडी झाल्यावर आत यायचं नाही.

मावशींनी एकेक अक्षर जुळवत ते वाचलं आणि मान हलवली. "बरं बाय," म्हणाल्या.

पहिला दिवस फार छान गेला. पाच ठिपके दोरीच्या तळाशी आले, थांबले, वर सरकले. मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन उंदीर आले.

म्हणजे पाच ठिपके आणि त्यांना खेटून, बोटभर बाजूला, आणखी पाच. एक चढला की दुसराही चढायचा. मध्येच दुसऱ्याचे दोन ठिपके विझायचे, परत लागायचे. मी उठून दोरीकडे गेले. दोरीवर उंदीर एकच होता आणि तो सुकट खात होता.

"ताई, मला दोन दिसताहेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला?"

"मला नऊ ठिपके दिसताहेत. आता दहा."

तिसऱ्या दिवशी परत एकच उंदीर. चौथ्या दिवशी दोन. पाचव्यालाही दोन. त्यानंतर सलग एकच, आणि आम्ही जरा निर्धास्त झालो तेवढ्यात पुन्हा जोडी.

मला न कळणारी गोष्ट सहन होत नाही. गोदामात पोतं कमी पडलं की ते कुठे तरी असतंच, नाही तर कोणी तरी नेलेलं असतं. इथे जास्तीचं आलं होतं, आणि ते कुठून आलं हे विचारायला माणूस नव्हता. मी चमकणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात केली. स्टीलचा डबा बाहेर, घड्याळं बाहेर, खिडकीच्या गजांना काळं कापड. शेजारच्या लूमवर चमकीच्या धाग्याचे दुपट्टे विणत, त्याचे तंतू हवेत उडायचे, म्हणून मधल्या झरोक्यात गोणपाट कोंबलं. माझ्या बांगड्या काढल्या. तरी दोन उंदीर.

एका संध्याकाळी मॅडमनी माझ्या पायांकडे बघितलं. "ताई, जोडवी."

मी जोडवी काढून रुमालात बांधली. लग्न झाल्यापासून ती बोटांतून निघाली नव्हती, साबण लावावा लागला. मॅडम म्हणाल्या, आज एकदा कांडीही नव्याने फिरवू. त्यासाठी दोरी आणि सांगाडा उतरवावा लागला, परत चढवावा लागला. थोडाच वेळ उरला. पण पडद्यावर एकच उंदीर आला, ठसठशीत. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सगळा दोष जोडव्यांचा, असं ठरलं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, जोडवी कुठे? मी सांगितलं, त्यामुळे उंदराला जोड मिळते.

दुसऱ्या दिवशी माझे पाय मोकळे होते आणि पडद्यावर उंदीर दोन.

मग मॅडमना वाटलं, लूमच्या दणक्याने जमीन हादरते आणि कॅमेरे हलतात. हे खरं असतं तर मला आवडलं असतं, निदान कारण तरी सापडलं असतं. स्टँडच्या प्रत्येक पायाभोवती मी पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्याच होत्या. रोज दुपारी परत आलो की मी वाकून अठराच्या अठरा पाय तपासायची. एकही पाय खुणेबाहेर गेलेला नसायचा. तरीही मॅडम शेजारी गेल्या, मीही बरोबर गेले.

लूमचे मालक कोकणी मुसलमान, पिढ्यान्पिढ्या तिथलेच. सगळे त्यांना चाचा म्हणत. दोन लूमच्या मधल्या बोळात खुर्ची टाकून ते बसले होते, आणि त्या खडखडाटात मॅडमना जवळजवळ ओरडून बोलावं लागलं.

"संध्याकाळचा तासभर लूम बंद?" चाचा म्हणाले. "मॅडम, उंदरासाठी मी लूम बंद केला तर कारीगर लोक काय बोलेल? शेठ का दिमाग गया, बोलेल."

"एकच दिवस," मॅडम म्हणाल्या.

"प्रॉब्लेम काय आहे तुमचा?"

"एक उंदीर सोडला की दोन दिसतात."

चाचांनी हात उडवला. "ते तर भिवंडीत सगळ्यांचंच होतं."

मागच्या बाजूला कांडी मशिनवर मावशी बसल्या होत्या. मोठ्या कोनावरचा, म्हणजे शंकूसारख्या रिळावरचा, धागा लहान लाकडी कांड्यांवर भरायचा, त्या कांड्या मग लूमच्या धोट्यात जातात. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि हात थांबू दिला नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या भरताहेत त्याला काय म्हणतात तेही मला माहीत होतं, भिवंडीत राहून कोणाला माहीत नसतं. पण माझ्या डोक्यात ती कांडी एका खणात होती आणि आमची दुसऱ्या, आणि त्या दोन खणांमध्ये भिंत होती.

शेवटी चाचा म्हणाले, "जुम्म्याला लूम बंदच असतो. जुम्म्याला बघून घ्या."

शुक्रवारी शेलार अगदी शांत होतं. गाळ्यात पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. कांडी सकाळी झाली, खुणा तपासल्या, जोडवी घरी, बांगड्या घरी. ऊन कलल्यावर उंदीर सोडला. पडद्यावर दोन उंदीर. आणि थोड्या वेळाने, मधूनमधून, तिसराही.

मॅडमनी संगणक बंद केला आणि पायरीवर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "मी कॉलेजला कळवून टाकते, ताई. उगीच शेवटच्या दिवसापर्यंत कशाला ताणायचं."

"टेम्पो यायला अजून आठवडा आहे," मी म्हणाले. दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या यादीतलं सगळं तपासून झालं होतं. हातात खूण न केलेली एकही ओळ नाही आणि तरी काम झालेलं नाही, असं माझ्या बाबतीत पूर्वी घडलं नव्हतं. मी खरंच गोंधळून गेले होते. थोडा वेळ तर वाटलं, उंदीर खरंच दोन असतील आणि आपल्यालाच एक दिसत असेल.

पुढचे दिवसही असेच गेले, एक चांगला, दोन वाईट. बुधवारी मावशी वाटेत भेटल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमना दुपारी कॉलेजला जाऊन यायचं होतं, म्हणून मी म्हणाले, "मावशी, उद्या कांडी लवकर करायची आहे. तेव्हा उजाडताच झाडून घ्या."

मावशी थांबल्या. "उद्या कशी लवकर व्हईल? सुताचं कोन आलं न्हाईत आजून. दुपार झाल्याबिगर माझी कांडी बसाची न्हाय."

"तुमची नाही, मावशी. आमची कांडी."

"तुमची कंची कांडी?"

मी त्यांना गाळ्यात नेलं. पेटीतून काठी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, मण्यांवर अंगठा फिरवला.

"हिला कांडी बोलता? हिला तं दोरापन न्हाय."

मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या हळू विचारत्या झाल्या, "मावशी, तुम्ही गाळा कधी झाडता?"

"कांडीच्या आधी. या बायनी सांगितलंय ना. सुताचं कोन सकाळी आलं, लाइट असली, तं मी उजाडताच झाडून कांडीला बसते. कोन उशिरा आलं तं दुपारचा झाडते, मंग बसते."

"आणि शुक्रवारी?"

"सुक्रवारी कांडीच न्हाय. घरचा आवरून, जेवून येते निवांत. रोज स्टँड जरा सरकवून झाडते, त्या दिशी खालनं चांगला, स्टँड उचलून."

"स्टँड उचलून?" मी म्हणाले.

"मंग? खाली कचरा राहील ना. पन परत जागेवर ठेवते. तुमच्या पांढऱ्या खुनेवर, बराबर." त्या माझ्याकडे बघत होत्या, माझा चेहरा बघून जरा दुखावल्यासारख्या. "पाटी लावलीव ना तुमी. कांडी झाल्यावर आत याचा न्हाय. मी कंदी आले न्हाय. कांडी झाल्यावर एक दिवस पन पाय ठेवला न्हाय."

ते अक्षरशः खरं होतं. त्या पाटीचा शब्द न् शब्द त्यांनी पाळला होता. आणि स्टँडचा पाय खुणेवर बरोबर ठेवला, तरी वरचा कॅमेरा केसभर फिरतो. माणसाला ते दिसत नाही. संगणकाला मात्र सगळं जग सरकल्यासारखं वाटतं. मग जुन्या जागेवरचा एक उंदीर आणि नव्या जागेवरचा एक, असे तो दोन दाखवतो. जोडवी काढली त्या संध्याकाळी आम्ही कांडीही नव्याने फिरवली होती. श्रेय जोडव्यांनी नेलं.

मॅडम हसायला लागल्या. मग मावशीही हसल्या, कशाला ते नीटसं न कळता. मला हसू यायला वेळ लागला.

पण प्रश्न सुटला नव्हता. टेम्पो शनिवारी येणार होता. मागचं जे काही चित्रण होतं त्यातलं खरं कुठलं? पडद्यावर दोन उंदीर दिसले ते दिवस वाईट, एवढं कळत होतं. पण एकच दिसला त्यातलेही सगळे चांगले असतील असं नाही, मॅडम म्हणाल्या. स्टँड थोडेच हलले असतील तर उंदीर एकच दिसेल, पण पाय जिथे टाकला तिथे दिसणार नाही. म्हणून कुठल्या दिवशी मावशी आधी आल्या आणि कुठल्या दिवशी नंतर, हे लावायला आम्ही तिघी बसलो.

"पहिल्या सोमवारी?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारी कोन आलं होतं. न्हाय, कोन आलं, पन लाइट गेली."

"लाइट गेली तो मंगळवार," मी म्हणाले.

"मंगळवारी मी वज्रेश्वरीला गेलते नणंदेबरोबर. मंग झाडला कोनी?"

"कोणीच नाही?"

"न्हाय, झाडला. आल्यावर झाडला."

चाचा चहा घेऊन आले होते ते दारातच उभे राहिले. "तू वज्रेश्वरीला गेली तो बुधवार होता. मंगळवारी मशिनचा पट्टा तुटला."

"पट्टा तुटला तो पुढच्या आठवड्यात, चाचा."

"पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मशिनचा."

मॅडम लिहीत होत्या, खोडत होत्या. थोड्या वेळाने कागदावर असा एकही दिवस उरला नाही ज्याच्यावर दोन माणसांचं एकमत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळंच जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मागचं काहीच धरायचं नाही."

"त्यातलं चांगलंही आहे," मी म्हणाले. महिनाभराचं काम होतं ते.

"आहे. पण कुठलं ते मला माहीत नाही. मला कोणी विचारलं, हा पाय खरंच इथे होता का, तर मला हो म्हणता आलं पाहिजे."

गुरुवारी त्या कॉलेजला जाऊन आल्या. शुक्रवार एवढाच उरला. लूम बंद, मावशींची कांडी बंद. मावशींनी गाळा उजाडताच झाडला, स्टँड उचलून, नीट. मग आमची कांडी झाली. मावशी म्हणाल्या, आता मी हितंच बसते, आणि बाहेर पायरीवर शेंगा सोलत बसल्या. दुपारी शेठ आले, त्यांनाही आत सोडलं नाही. "माझाच गाळा हाय," ते म्हणाले. "कांडी झालीय," मावशी म्हणाल्या.

ऊन कलल्यावर उंदीर सोडला. तो खालीच बसून राहिला. मिशा साफ केल्या. दोरीपाशी गेला, परत आला. मॅडम पुटपुटत होत्या, चढ रे बाबा. मी दोरीकडे न बघता पडद्याकडे बघत होते. पाच ठिपके तळाशी हलत होते आणि मी सहाव्याची वाट बघत होते, इतकी सवय झाली होती.

मग ते वर सरकायला लागले. पाचच. वरपर्यंत पाचच. उतरताना पाचच. त्या संध्याकाळी तो सुकटीसाठी अनेकदा चढला-उतरला, आणि त्याच्या शेजारी कोणीही आलं नाही.

"एकाच दिवसाचं आहे," संगणक बंद करताना मॅडम म्हणाल्या, "पण एकाच उंदराचं आहे."

शनिवारी संस्थेचा माणूस आला. माझी यादी आणि त्याची यादी पडताळून बघताना तो एका ओळीवर अडला. कांडी एक, ही वस्तू आमची नाही, म्हणाला. वर त्याच्या यादीतली एक वस्तू कमी भरत होती. मी त्याला काठी हातात दिली आणि म्हणाले, दोन्ही ओळींवर खूण करा.

ते चित्रण कॉलेजने मान्य केलं. मॅडमनी विषय सोडला नाही. पावसाळा संपता संपता त्यांचं पाकीट आलं. त्यात त्यांच्या लेखातल्या चित्राची एक प्रत होती: एक उभी रेघ, तिच्यावर ओळीने ठिपक्यांचे पुंजके, खालून वरपर्यंत. मी ती शेलारला जाऊन मावशींना दाखवली. त्यांनी मशिन थांबवून चित्र हातात घेतलं.

"ह्यात उंदीर कुठं हाय?"

"हे ठिपके म्हणजे उंदीर."

"तोंड कंचा?"

मी चित्र सरळ धरलं, उलटं धरलं. वरचा ठिपका म्हणजे नाक असावा. पण चित्रात तो उतरत असेल तर तेच शेपूट. चढतोय की उतरतोय हे मॅडमनी खाली इंग्रजीत लिहिलं असणार, आणि ती ओळ प्रतीत अर्धी कापली गेली होती.

"मॅडमला विचारून सांगते," मी म्हणाले. मावशींनी चित्र परत दिलं आणि त्या कांडीला बसल्या.